अंगठा आपला, हिशोब त्यांचा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरातला टीव्ही बंद आणि मोबाइल बाजूला. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे नाहीतर गप्पा मारायच्या. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी दिलेला फोन शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, तेव्हा गावाने काढलेला हा तोडगा.

ही बातमी आपल्याकडच्या कित्येक फॅमिली ग्रुपवर फिरली. खाली मजकूर ठरलेला: आपल्या मोहल्ल्यातही असे करायला हवे, पोरे पार वाया चाललीत. फॉरवर्ड करणाऱ्या चाचांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. तो भोंगा मोठ्यांसाठीही होता.

पोरे आळशी आहेत, त्यांना धाक उरला नाही, दीनही गेला आणि दुनियाही, अशा वळणाने हा विषय आपल्या घरांत बोलला जातो. ज्यांच्याविषयी बोलले जाते ते कोपऱ्यात बसून फोन बघत असतात. हे संपादकीय त्या कोपऱ्यात बसलेल्यांसाठी आहे. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे धाक आणि संस्कारांपेक्षा पडद्यामागच्या यंत्राबद्दल बोलणे मला जास्त जमेल.

आमच्या धंद्यात एखादे अ‍ॅप चांगले चालले की नाही हे ठरवायला काही आकडे असतात. रोज किती माणसे उघडतात, किती वेळ थांबतात, आज आलेला माणूस तीस दिवसांनीही येतो का. ते अ‍ॅप वापरून माणसाला बरे वाटले की वाईट, हे मोजायला अवघड असते, म्हणून बहुतेक ठिकाणी कोणी मोजत नाही. मग एखादे बटण निळे ठेवायचे की लाल, सूचना आठ वाजता पाठवायची की अकराला, हे मतांवर ठरत नाही. निम्म्या लोकांना एक प्रकार दाखवतात, निम्म्यांना दुसरा. ज्याने लोक जास्त वेळ थांबले तो प्रकार राहतो आणि दुसरा जातो. अशा हजारो छोट्या चाचण्यांतून वर्षानुवर्षे गाळून निघालेली वस्तू म्हणजे तुमच्या हातातली रील. ती बनवणाऱ्यांत कोणी दुष्ट असायलाच हवा असे नाही. आकडा वर गेला पाहिजे एवढे पुरते.

काही भागांचा इतिहास तर नावानिशी माहीत आहे. पान संपूच नये, खाली सरकवत राहावे तसे नवे येत राहावे, ही कल्पना २००६ च्या सुमारास एझा रास्किन या डिझायनरने घडवली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पान संपते तिथे माणूस क्षणभर थांबतो आणि उठायचे का याचा विचार करतो. तो क्षणच काढून टाकला गेला. वरून खाली ओढले की ताजे काही येईल, कदाचित येणारही नाही, या खेळाला मानसशास्त्रात जुने नाव आहे: अनिश्चित बक्षीस. बी. एफ. स्किनरने कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते की दाणा दर वेळी मिळाला तर पक्षी भुकेपुरतीच चोच मारतो. कधी मिळतो कधी नाही असे केले तर मारतच राहतो. स्नॅपचॅटवरची स्ट्रीक हा त्याचाच सख्खा भाऊ. दोनशे दिवसांची स्ट्रीक तुटू नये म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री छताचा फोटो पाठवणारी मुले तुम्हीही पाहिली असतील.

फीडचे गणित याच्याही पुढचे आहे. तुम्ही लाइक केले नाही तरी त्याला चालते. एखाद्या व्हिडिओवर अंगठा चार सेकंद थबकला, एवढी नोंद त्याला पुरेशी असते. तुम्ही का थबकलात हे त्याला कळत नाही. आवडले म्हणून, किळस आली म्हणून, भीती वाटली म्हणून की रडू आले म्हणून, त्याच्या लेखी सगळे सारखेच. लंडनमध्ये २०१७ साली एका चौदा वर्षांच्या मुलीने आयुष्य संपवले. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर लाइक, शेअर किंवा सेव्ह केलेल्या सुमारे सोळा हजार पोस्टपैकी एकवीसशे नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्या यांच्याशी संबंधित निघाल्या. २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने या मजकुराचा तिच्या मृत्यूत हातभार असल्याचे नोंदवले. उदास मुलीला तिच्या उदासीची आणखी मोठी थाळी वाढत राहणे, हे त्या यंत्रासाठी चोख काम होते.

हे भारतात केव्हा आले तेही पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा चहापेक्षा स्वस्त झाला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. दीड आठवड्यात इन्स्टाग्रामने रील्स भारतात उतरवले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स सुरू केले, तेही जगात सर्वांत आधी भारतात. त्या वेळी लॉकडाउन होते, शाळा बंद होत्या आणि घरातला एकच फोन पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हातात अभ्यासासाठी दिलेला होता. त्या वयात ज्याच्या पुढ्यात हे येऊन पडले, त्याला आज ‘तुझ्यात मनोनिग्रह नाही’ म्हणणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

आता पुराव्याबद्दल. आपण उठसूट ‘विज्ञानाने सिद्ध केले आहे’ म्हणणाऱ्यांपैकी होऊ नये. सोशल मीडियाने किशोरवयीनांचे मन बिघडते का, यावर अभ्यासकांत खरोखर वाद आहे. जोनाथन हाइट यांनी २०२४ च्या पुस्तकात स्मार्टफोनमुळे एक सबंध पिढी चिंतेत गेली अशी मांडणी केली. कँडिस ऑजर्स यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला की दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. आधीच खिन्न असलेली मुले जास्त वेळ फोनवर जातात असेही असू शकते. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली. मुलांच्या बरे वाटण्या-न वाटण्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना दिसले. दुसरीकडे अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये इशारा दिला की दिवसाला तीन तासांहून जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या किशोरांत नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळतो.

सरासरी हा शब्द इथे फसवा आहे. शंभर मुलांपैकी नव्वदांना काही झाले नाही आणि दहा जण खोल गेले, तरी सरासरी जवळपास हलत नाही. फेसबुकच्याच अंतर्गत पाहणीत काय होते हे सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापले. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितले होते की इन्स्टाग्रामने ते आणखी वाईट केले. कंपनीचे म्हणणे पडले की आकड्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला, इतर बऱ्याच बाबतींत मुलींना बरेच वाटले होते. असेलही. पण तीन मुलींतली एक हा आकडा त्यांच्या टेबलावर २०१९ पासून होता आणि आपल्याला तो कळायला कंपनीतल्या एका बाईला, फ्रान्सिस हॉगन यांना, कागदपत्रे बाहेर आणावी लागली.

ज्यावर फारसा वाद नाही ती गोष्ट झोपेची आहे. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते असे झोपेचे डॉक्टर सांगतात. या वयात शरीराचे घड्याळच उशिरा सरकते. अकरापर्यंत झोप न येणे हा आळस नसतो. त्यात फोन हातात असला की अकराचे दीड होते, आणि शाळा सकाळी सातची. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, कारण लहान मुलांची झोप पुरी होत नाही. ज्यांचे घड्याळ खरोखर उशिरा चालते त्या नववी-दहावीच्या मुलांना मात्र ती सवलत नाही. नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. इतके सरळ बोलणारा माणूस या धंद्यात क्वचित सापडतो. चिडचिड, पाठ केलेले न आठवणे, विनाकारण रडू येणे, यांतले बरेच काही झोप मोजून पाहिल्यावरच कळते. रमजानमध्ये तरावीहपासून सहरीपर्यंतचा वेळ रील्सवर काढून दिवसभर डोके दुखते म्हणणाऱ्यांनी तर रोज्याला बोल लावू नये.

आपल्या घरांतला खरा पेच पुढेच आहे, आणि तो मुलींचा आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची ‘असर’ ही पाहणी २०२३ मध्ये झाली. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के. आपल्या समाजात हे वेगळे असेल असे मला वाटत नाही. मुलगी भाईचा किंवा अब्बूंचा फोन वापरते, तासाभरासाठी, तोही मागून. त्यामुळे ‘मोबाइल वाईट’ या वाक्याचा पहिला वार तिच्यावर पडतो. भाऊ रात्री दोनपर्यंत पबजीचा भारतीय अवतार खेळत असतो आणि फोन काढून घेतला जातो बारावीच्या नोट्स शोधणाऱ्या बहिणीचा. कधी फोनसोबत कॉलेजही जाते.

यातून एक भयंकर गोष्ट घडते. एखाद्याने तिचा फोटो मिळवला, त्यात फेरफार केली, ‘पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो’ म्हणाला, तर ती घरी सांगत नाही. सांगितले तर फोन जाईल, शिक्षण जाईल, लग्नाची घाई होईल, हे तिला पक्के ठाऊक असते. धमकी देणाऱ्यालाही ते ठाऊक असते; त्याचे सगळे भांडवल आपल्या घरातली भीती हेच आहे. अशा मुलींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. दुसरे, अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तुमच्याकडचा फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त आकड्यांचा ठसा तयार होतो, तो इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तसाच ठसा असलेला फोटो तिथे सापडला की काढला जातो. त्या ठशावरून मूळ फोटो परत बनवता येत नाही, हे एक इंजिनिअर म्हणून मी खात्रीने सांगतो. आणि भाऊ लोकहो, बहीण अशा वेळी तुमच्याकडे आली तर पहिला प्रश्न ‘तू फोटो काढलासच का’ हा नसावा.

मुस्लिम म्हणून वाट्याला येणारी एक गोष्ट परदेशी अभ्यासांत सापडत नाही. आपल्याविषयीचा द्वेष आपल्याच फीडमध्ये येतो. कोणाला तरी मारहाण होत असल्याचा व्हिडिओ, त्याखाली हसणाऱ्यांच्या हजार कमेंट, आणि हे सगळे रात्री साडेबाराला, अंधारात, एकट्याने. अंगठा थबकतो, आणि यंत्र दुसरा तसाच व्हिडिओ आणून ठेवते. सोळाव्या वर्षी रोज असे पाहिलेल्या मुलाला बाहेरचे सगळे जग शत्रूचे वाटू लागले तर नवल काय. शेजारच्या बाकावरचा गणेश किंवा सचिन प्रत्यक्षात कसा आहे, यापेक्षा अनोळखी खात्यांवरचे लोक काय म्हणतात ते जास्त खरे वाटू लागते. समोरच्या बाजूलाही हेच चालले आहे. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. ज्या गिटहबवर आम्ही रोज कोड ठेवतो, त्याच गिटहबवर. मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी ‘बुल्ली बाई’ प्रकरणात पकडलेले आरोपी विशीच्या आसपासचे होते, त्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, एक मुलगीही होती. तीही कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी फीडपुढे वाढलेली मुले.

जून २०२३ मधले कोल्हापूर आठवा. स्टेटसवर ठेवलेल्या मजकुराचे निमित्त झाले, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकाने फुटली, इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटसच्या प्रकरणात ज्यांची नावे आली त्यांत अल्पवयीन मुले होती. दगड मारणाऱ्यांचा गुन्हा त्यांचाच. स्टेटस कितीही आक्षेपार्ह असले तरी एखाद्या गरीब माणसाची हातगाडी जाळायचा परवाना मिळत नाही. पण रात्री रागाच्या भरात ठेवलेले चोवीस तासांचे स्टेटस आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोहल्ल्यात त्या मुलाच्या हातून कुठवर जाऊ शकते, हे आपण आपल्या मुलांना शांतपणे, त्यांना अपराधी न ठरवता सांगायला हवे. राग येणे चूक नाही. तो आपण जागे असताना, चार माणसांत, दिवसा बोलून दाखवता येतो. रात्री एकला तो फक्त कोणाच्या तरी आकड्यात भर घालतो.

मग करायचे काय? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खाते ठेवायला मनाई केली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागेल आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत असे कलम आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदींना कंपन्यांना दीड वर्षाची मुदत दिली आहे. जाहिरातींसाठी माग काढण्यावरची बंदी मला मनापासून पटते. संमतीच्या अटीबद्दल मी साशंक आहे. अब्बू कुवेतला, अम्मीला इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही, फोन चौघांत एक, अशा घरात संमती म्हणजे मोठ्या भावाने दाबलेले बटण. आणि मुलाला मिळालेली संमती मुलीला मिळेलच असे नाही.

एक काम आजच करण्यासारखे आहे, त्याला कायदा नको. तुमच्यापैकी अनेकांनी दहाव्या-अकराव्या वर्षी खाते उघडताना जन्मसाल खोटे टाकले असेल, कारण तेरा वर्षांखाली खाते मिळत नाही. त्यामुळे आज तुम्ही सोळाचे असलात तरी यंत्राच्या दृष्टीने वीस-बावीसचे आहात. इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये भारतात आणलेली किशोरांची खाती, ज्यांत रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद असतात आणि अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, ती तुम्हाला लागूच झालेली नाहीत. जन्मतारीख खरी करून घ्या. मग सगळ्या सूचना बंद करा, फक्त माणसांचे फोन आणि मेसेज चालू ठेवा. पडदा काळा-पांढरा करून पाहा. रील एकदम शिळ्या डाळीसारखी दिसते. अ‍ॅप काढून टाकून तेच ब्राउझरमधून वापरले तर इतके कंटाळवाणे होते की आपोआप कमी होते. हे सगळे उपाय यंत्राचा गुळगुळीतपणा थोडा खरबरीत करण्याचे आहेत.

‘फोन बेडरूमबाहेर ठेवा’ हा इंग्रजी लेखांतला सल्ला मुंब्र्याच्या नाहीतर भिवंडीच्या एका खोलीत राहणाऱ्या सहा जणांना काय कामाचा? तिथे चार्जरची जागा ठरवता येते. सगळ्यांचे फोन, अब्बूंचाही, रात्री साडेदहानंतर ओट्याजवळच्या एकाच प्लगपाशी. अलार्मसाठी दीडशे-दोनशे रुपयांचे घड्याळ आणा, फजरलाही तेच उठवेल.

पण फोन ठेवला तर जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. मुलांना निदान नाक्यावर उभे राहता येते. मैदान असले तरी तिथे मुली दिसत नाहीत, अभ्यासिका आठला बंद होते, वाचनालय वस्तीत नसतेच. मुलीसाठी फोन हीच मैत्रिणींना भेटायची जागा होऊन बसली आहे, आणि ती काढून घेताना आपण तिला बदल्यात काहीच देत नाही. ज्या शहरांत आपल्या शाखा आहेत तिथल्या कार्यकर्त्यांना माझी सूचना आहे की या वर्षी व्याख्याने दोन कमी करा आणि एका उर्दू किंवा नगरपालिका शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी सहा ते दहा मागून घ्या. एक वर्ग मुलींसाठी राखीव, सोबत एक ताई. कॅरम, बुद्धिबळ, अभ्यास, नुसत्या गप्पा, काहीही चालेल.

शेवटचे, ज्यांचे दुखणे या सगळ्यापलीकडे गेले आहे त्यांच्यासाठी. आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, तर तो फोनचा दोष आहे की आणखी कशाचा हे शोधत बसू नका, आणि घरच्यांनीही नजर लागली म्हणून तावीज बांधण्यात दिवस घालवू नयेत. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६. रात्री तीनलाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि हिंदीतही बोलता येते.